यंत्रांची साक्ष : कारखान्यातील संवेदक आणि दोषनिदान

दरवर्षी ४ मार्च हा दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली याच तारखेस झाली. त्या दिवशी कारखान्यांच्या प्रवेशद्वारांवर फलक लागतात, कामगार बंधुभगिनी प्रतिज्ञा घेतात, छातीवर बिल्ले लावले जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत, विशेषतः रात्रपाळीच्या निवांत वेळी, कारखान्याची राखण कोण करतो, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर माणसाकडे बोट दाखवून देता येणार नाही. टाकीच्या पोटात बसवलेला बोटभर लांबीचा तापमापक, नळावरील दाबमापक, मोटारीच्या पाठीवर चिकटवलेली कंपन टिपणारी डबी, छताखाली टांगलेला वायुशोधक, हेच ते राखणदार होत. शास्त्रीय परिभाषेत यांना संवेदक म्हणतात.

राखणदार असणे ही एक गोष्ट आणि त्याचे म्हणणे ऐकले जाणे ही दुसरी. संवेदक स्वतः अपघात टाळत नाही. तो केवळ साक्ष देतो. ती साक्ष कितपत खरी मानावी, साक्षीदार कोठे उभा होता आणि त्याचे बोलणे ऐकून कोणी काय केले, या प्रश्नांच्या उत्तरांवर कारखान्याची आणि त्याच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या वस्तीची सुरक्षितता अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या साक्षीचा थोडक्यात परिचय करून देण्याचा उद्देश आहे.

संवेदक बोलतो कसा?

उष्णता, दाब, पातळी, प्रवाह, कंपन यांसारख्या भौतिक राशीतील बदलाचे विजेच्या बदलात रूपांतर करणारे साधन म्हणजे संवेदक, अशी त्याची सोपी व्याख्या करता येईल. दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडून त्या जोडांमध्ये तापमानाचा फरक ठेवल्यास विद्युत्-परिणाम घडून येतो, हे टॉमस झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली दाखवून दिले. भट्टीतील तापमान मोजणारे थर्मोकपल आजही याच तत्त्वावर चालते. प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत्-रोध तापमानाबरोबर वाढतो. कारखान्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या अशा एका तापमापकाचा रोध शून्य अंश सेल्सियसला १०० ओहम, तर १०० अंशाला सुमारे १३८.५ ओहम भरतो. काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्-भार निर्माण होतो, हा गुणधर्म पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली प्रकाशात आणला. यंत्राची थरथर मोजणारे पुष्कळसे संवेदक याच गुणधर्माचा उपयोग करून घेतात.

संवेदकाचे हे क्षीण बोलणे दूरच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचवण्याची एक पद्धत जगभर रूढ आहे. ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समजा, एका दाबमापकाची कक्षा ० ते १० बार अशी आहे. दाब शून्य असताना तो तारेतून ४ मिलिअँपिअर, ५ बार असताना १२ मिलिअँपिअर आणि १० बार असताना २० मिलिअँपिअर प्रवाह धाडतो. शून्य दाबाला शून्य प्रवाह असा सरळ हिशोब न ठेवता चारपासून आरंभ का केला असावा? कारण तार तुटली, तर प्रवाह खरोखरच शून्य होईल. तेव्हा चार मिलिअँपिअर म्हणजे 'मी जागा आहे, येथे दाब नाही' आणि शून्य मिलिअँपिअर म्हणजे साक्षीदारच गप्प झाला. 'धोका नाही' आणि 'सांगणारा कोणी नाही' या दोन स्थितींमधील भेद तंत्रज्ञांनी अशा रीतीने तारेतच गुंफून ठेवला आहे. हाच भेद माणसांच्या व्यवहारात कसा पुसला जातो, हे पुढे दिसेल.

आकड्यांवरून निदान

नाडी पाहणारा वैद्य केवळ ठोके मोजत नाही. ठोक्यांची चाल कशी आहे, कालच्यापेक्षा आज काय बदलले आहे, याकडेही त्याचे लक्ष असते. यंत्राच्या बाबतीत हेच तीन पायऱ्यांनी केले जाते.

पहिली पायरी मर्यादेची. तापमान अमुक अंशांच्या वर गेले की भोंगा वाजावा, आणखी वर गेले की यंत्र आपोआप थांबावे, अशी योजना असते.

दुसरी पायरी कलाची. आकडा मर्यादेत आहे, परंतु तो कोणत्या वेगाने वाढतो आहे, हे पाहावयाचे. चाळीस अंशांवर महिनाभर स्थिर असलेले बेअरिंग एका पाळीत पंचावन्नवर गेले, तर मर्यादा सत्तरची असली तरी त्याकडे पाहणे अगत्याचे ठरते.

तिसरी पायरी पृथक्करणाची. जुना अनुभवी फिटर पेचकसाचे टोक बेअरिंगवर ठेवतो, मूठ कानाला लावतो आणि 'आतली गोळी खराब झाली' असे सांगून मोकळा होतो. तानपुऱ्याच्या एका झंकारातून जाणकार कान वेगवेगळे स्वर निवडून घेतो, तशातलाच हा प्रकार. गणिताच्या साहाय्याने संगणकही आता हेच करतो. मिनिटाला सुमारे १,५०० फेरे घेणारी मोटार सेकंदाला २५ फेरे घेते. कंपनात २५ च्या वारंवारतेचा जोर वाढला, तर फिरत्या भागाचा तोल गेला असण्याचा संभव असतो. ५० चा जोर वाढला, तर मोटार आणि पंप यांचे अक्ष एका रेषेत नसावेत, अशी शंका घेता येते. बेअरिंगमधील चरे किंवा खळगे यांची खूण याहून निराळ्या, सामान्यतः वरच्या वारंवारतांवर उमटते. त्यामुळे बेअरिंग मोडून पडण्यापूर्वी काही आठवडे त्याची चाहूल लागू शकते आणि दुरुस्ती सवडीने, यंत्र थंड असताना करता येते. अलीकडे संगणकास यंत्राच्या निकोप स्थितीची सवय लावून त्यापासून होणारा लहानसा ढळही त्याच्याकडून हेरून घेण्याचे तंत्र प्रचारात आले आहे.

तथापि हे सारे शास्त्र साक्षीदाराच्या विश्वसनीयतेवर उभे आहे. या संदर्भात तीन दुर्घटना अभ्यासण्याजोग्या आहेत.

साक्षीदार कोठे उभा होता?

७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमजवळील आर. आर. वेंकटपुरम येथील एका प्लॅस्टिक उत्पादक कारखान्याच्या साठवण टाकीतून स्टायरीन या रसायनाची वाफ बाहेर पडली. गाव झोपेत होते. बारा जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात हलवावे लागले. टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता, परंतु टाकी भरलेली होती. स्टायरीन साठवून ठेवले असता त्याचे रेणू हळूहळू एकमेकांशी जोडले जाऊ लागतात. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने क्रियेचा वेग आणखी वाढतो. म्हणूनच अशा टाकीचे तापमान पाहत राहणे अत्यावश्यक असते.

तापमान पाहिले जात नव्हते, असे नाही. परंतु तापमापक टाकीच्या तळाशी होता. थंड द्रव तळाशी राहतो आणि तापलेला वर जातो, हे आपण घरातील पाण्याच्या बंबातही अनुभवतो. टाकीतील द्रव पुरेसा ढवळला जात नव्हता. त्यामुळे वरचा थर धोकादायक रीतीने तापत असताना तळाचा संवेदक आपल्यापुरते खरे तेच सांगत राहिला. त्याने असत्य सांगितले नाही. तो भलत्या ठिकाणी उभा होता, इतकेच.

जागेचा हा प्रश्न लहान कारखान्यांनाही लागू आहे. स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असल्याने त्याची गळती जमिनीलगत साचते. सबब त्याचा शोधक खाली बसवावा लागतो. अमोनिया वायू हवेहून हलका असल्याने त्याचा शोधक वरच्या बाजूस बसवण्याची पद्धत आहे. मात्र द्रवरूप अमोनियाचा थंड फवारा बाहेर पडल्यास त्याचे धुके जमिनीलगतही रेंगाळते. म्हणून शोधकाची जागा भिंतीवरील सोयीचा खिळा पाहून नव्हे, तर गळतीची स्थाने आणि वाऱ्याची दिशा पाहून जाणकाराकडून ठरवून घ्यावी.

साक्षीदार खरे बोलतो काय?

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात झालेल्या स्फोटात १५ कामगार ठार झाले आणि सुमारे १८० जण जखमी झाले. त्या दिवशी सुमारे १७० फूट उंचीचा एक ऊर्ध्वपातन मनोरा दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करण्यात येत होता. तीन तासांहून अधिक काळ त्यात द्रव भरला जात होता आणि बाहेर काहीच सोडले जात नव्हते. मनोऱ्यातील द्रव दीडशे फुटांच्या वर चढला. नियंत्रण कक्षातील आकडा मात्र नऊ फुटांच्या आतबाहेर होता आणि तोही हळूहळू उतरताना दिसत होता.

असे का व्हावे? पातळी मोजणारा संवेदक मनोऱ्याच्या तळातील काही फुटांपुरताच होता. त्याच्या आतील दांडा द्रवात बुडाला की द्रव त्यास वर उचलतो आणि त्या उचलीवरून पातळी काढली जाते. दांडा पूर्ण बुडाल्यावर द्रव कितीही चढला, तरी त्याला त्याचा पत्ता लागणे शक्य नव्हते. पुढे द्रव तापू लागला आणि तापल्यामुळे विरळ झाला. उचल कमी झाली. संवेदकाने याचा अर्थ पातळी उतरली असा लावला. त्याचे अंशशोधन, म्हणजे कारखान्याच्या बोलीत कॅलिब्रेशन, त्या द्रवाच्या प्रत्यक्ष स्थितीला धरून झालेले नव्हते. पातळी वाढल्याचा एक इशारा दिसत होता. परंतु यंत्र सुरू करताना पातळी थोडी अधिक ठेवण्याचा तेथे प्रघात पडला असल्यामुळे त्याचे कोणास विशेष वाटले नाही. दुसरा स्वतंत्र इशारा वाजलाच नाही. पातळी डोळ्यांनी पाहण्यासाठी असलेली काचनळी इतकी मळलेली होती, की तिच्यातून काही दिसत नव्हते.

येथे एक साधा ताळा उपयोगी पडला असता. दुकानदार रात्री आवक आणि जावक मांडून शिल्लक काढतो. मनोऱ्यात किती द्रव गेला आणि किती बाहेर आला, एवढी बेरीज-वजाबाकी केली असती, तर पडद्यावरील पातळी खोटी आहे हे तत्काळ कळले असते. परंतु आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रवाह हे दोन्ही आकडे एका पडद्यावर शेजारी शेजारी दिसण्याची सोय नव्हती. यापासून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. एका साक्षीदारावर विसंबू नये. महत्त्वाच्या ठिकाणी तीन संवेदक बसवून त्यांपैकी दोघांचे एकमत ग्राह्य धरण्याची पद्धत मोठ्या कारखान्यांत याचसाठी रूढ आहे. ज्याला तीन संवेदक परवडत नाहीत, त्याला निदान ताळा पाहणे परवडण्यासारखे आहे.

साक्ष ऐकली कोणी?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट साठवलेले होते. त्यात पाणी शिरले. रात्री साडेदहाच्या आगेमागे टाकीतील दाब चौरस इंचास २ पौंड होता. पाळी बदलल्यानंतर, अकराच्या सुमारास, तो १० पौंड झाला. दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसणारा होता. शिवाय तेथील मापकांवर कोणाचा फारसा विश्वास उरलेला नव्हता. त्यामुळे पाऊण तासाच्या आत दाब पाचपट झाला, ही गोष्ट कोणास खटकली नाही. मर्यादा पाहिली गेली, कल पाहिला गेला नाही.

गळती प्रथम लक्षात आली ती कामगारांचे डोळे चुरचुरू लागले म्हणून. ज्या कामासाठी साधने बसवली होती, ते काम अखेर माणसांच्या डोळ्यांना करावे लागले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. विषारी वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी खोलून ठेवलेला होता. आणि सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट ही, की वस्तीला सावध करणारा बाहेरचा भोंगा वाजवून थोड्याच वेळात बंद करण्यात आला. आतला तेवढा चालू राहिला. त्या रात्री आणि त्यानंतर हजारो माणसे दगावली. पाच लाखांहून अधिक लोकांना त्या वायूची बाधा झाली.

भोपाळनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि आसन्न धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क त्यात नमूद झाला. कायद्याने दिलेला हा हक्क आणि भिंतीवरील संवेदक यांचे कार्य एकच आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. दोघेही वेळीच तोंड उघडण्यासाठी आहेत.

इशारे अति झाले, तरीही साक्ष ऐकू येत नाही. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या ११ मिनिटांत नियंत्रण कक्षातील दोन कर्मचाऱ्यांपुढे २७५ इशारे आले होते. म्हणजे सरासरीने दर अडीच सेकंदांस एक. त्यांतला कोणता महत्त्वाचा, हे कोणता मनुष्य ठरवू शकेल? रोज मरे त्याला कोण रडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. विनाकारण रोज वाजणाऱ्या भोंग्याची हीच गत होते. प्रथम त्याचा कंटाळा येतो, नंतर त्याची तार काढली जाते. परंतु कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

आपल्या कारखान्यात काय करता येईल?

वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळी यांसारख्या आपल्या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीपासून खाद्यप्रक्रियेपर्यंत नानाविध कारखाने आहेत. मासळी व्यवसायावर अवलंबून असलेले बर्फाचे कारखाने व शीतगृहे आहेत. तेथे अमोनियाचा वापर होतो. अनेक ठिकाणी बाष्पके आहेत. यांतील पुष्कळ कारखाने लहान आहेत आणि मोठा नियंत्रण कक्ष उभारणे त्यांच्या आवाक्यातील नव्हे. तरीही खालील गोष्टी कोणत्याही कारखान्यास करता येण्याजोग्या आहेत.

एक : कारखान्यातील प्रत्येक संवेदकाची यादी करावी. तो कोठे आहे, काय मोजतो, त्याची कक्षा किती आणि अंशशोधन शेवटचे केव्हा झाले, एवढी नोंद पुरे. ज्याचा शेवटचा रकाना कोरा राहील, त्याची साक्ष तूर्त संशयास्पद समजावी.

दोन : वायुशोधकापुढे ठराविक प्रमाणाचा चाचणी-वायू धरून तो खरोखर वाजतो की नाही, हे नियमाने पाहावे. दिवा हिरवा आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. अमोनियाच्या बाबतीत 'वास येईलच की' असे म्हणून स्वस्थ राहू नये. रोजच्या सवयीने नाक बधिर होत जाते. बाष्पकाची पाणीपातळी दर्शवणारी काचनळी स्वच्छ ठेवून ती तुंबलेली नाही, याची खात्री प्रत्येक पाळीत करून घ्यावी.

तीन : कोणताही इशारा किंवा स्वयंचलित बंदी तात्पुरती काढून ठेवावी लागल्यास त्याची लेखी नोंद व्हावी. कोणी काढली, का काढली, पुन्हा केव्हा जोडणार, हे लिहून पाळी बदलताना येणाऱ्या माणसाच्या हाती ती नोंद सही घेऊन द्यावी.

चार : प्रत्येक इशाऱ्यापुढे 'हा वाजल्यास काय करावयाचे' हे एका वाक्यात, कामगारास समजेल अशा भाषेत लिहून लावावे. ज्या इशाऱ्यापुढे असे वाक्य लिहिता येत नाही, तो इशारा हवाच कशाला, याचा विचार करावा.

पाच : कारखाना बंद असला, तरी साठा शिल्लक असेतो संवेदकांची देखरेख चालू ठेवावी. विशाखापट्टणमची दुर्घटना बंद कारखान्यात झाली, याचे विस्मरण होता कामा नये.

या पाचही गोष्टींना फारसा खर्च नाही. सहावी गोष्ट मात्र अवघड आहे आणि ती व्यवस्थापनाने स्वतः करावयाची आहे. मध्यरात्री भोंगा वाजतो. पाळीवरचा तरुण कर्मचारी विचार करतो की थांबवावे की न थांबवावे. थांबवले आणि इशारा खोटा निघाला, तर माल वाया जाईल आणि सकाळी साहेबांपुढे उभे राहावे लागेल. न थांबवले आणि इशारा खरा निघाला, तर काय होईल, हे वर सांगितलेच आहे. त्या घटकेला त्याचा निर्णय मागच्या वेळी कोणाला तरी काय ऐकावे लागले, यावर ठरतो. मागे एखाद्याने खोट्या इशाऱ्यावर यंत्र थांबवले आणि त्याला सर्वांदेखत बोल लावण्यात आला असेल, तर त्या दिवशी कारखान्यातील सर्व संवेदक जणू एकदमच बंद पडले, असे समजावे. उलट 'इशारा खोटा होता, पण तू थांबवलेस ते योग्य केलेस. आता तो खोटा का वाजला ते शोधू' असे वरिष्ठांनी म्हटले, तर तेथील साधनांना खऱ्या अर्थाने वाचा फुटते.

येत्या सुरक्षा दिनी प्रतिज्ञा घेतल्यानंतर प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या कारखान्यात एक फेरी मारावी आणि पाळीवरच्या माणसाला एवढेच विचारावे : "यांतला कोणता इशारा तू आता मानीत नाहीस?" त्याचे उत्तर न रागावता ऐकून घ्यावे. त्या दिवसाचे काम तेथूनच सुरू करता येईल.